एमेटांचं घर देशोधडीला लागलं, तेही सांगा: डब्लिनमधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

प्रिय मंडळी,
सप्रेम नमस्कार.

गावाहून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की आपण सगळेच त्यांना साधारण एकाच वाटेने फिरवतो. सकाळी ट्रिनिटी कॉलेज, मग सेंट स्टीफन्स ग्रीन, दुपारी फिनिक्स पार्कातली हरणं. स्टीफन्स ग्रीनपाशी रॉबर्ट एमेटचा पुतळा लागतो. तिथे आपण थांबतो, ‘हा इथला भगतसिंग’ एवढं सांगतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. सांगितलेलं खोटं नाही. इंग्रजांविरुद्ध उठाव करून पंचविशीत फासावर गेलेला, न्यायालयात केलेल्या भाषणामुळे अमर झालेला तरुण म्हटल्यावर आपल्याला भगतसिंगच आठवणार. पण एवढंच सांगितलं तर त्याचं घर बाहेर राहतं. शिक्षा एकट्या रॉबर्टला झाली नव्हती. आई, वडील, बहीण, भाऊ, भावजय, कामाला असलेली मुलगी आणि त्या मुलीचं सगळं गणगोत त्या शिक्षेत भरडलं गेलं. हे पत्र त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे.

पुतळ्याच्या समोरच्या बाजूला एमेटांचं घर होतं. वडील डॉक्टर रॉबर्ट एमेट हे आयर्लंडचे सरकारी राजवैद्य, म्हणजे इंग्रज व्हाइसरॉयच्या डब्लिन कॅसलमधून, तिथल्या सरकारकडून, मानधन घेणारा माणूस. आई एलिझाबेथ मेसन. या जोडप्याला 17 मुलं झाली, त्यातली फक्त चार जगली. रॉबर्ट नावाची आधीची मुलं गेल्यावर 1778 साली जन्मलेल्या या धाकट्यालाही तेच नाव ठेवलं आणि तो जगला. थोरला टेम्पल तरुणपणीच वारला. मग राहिले थॉमस, मेरी ॲन आणि रॉबर्ट. खाऊनपिऊन सुखी, प्रतिष्ठित, सरकारच्या पंगतीत बसणारं घर होतं. अशा घरातून बंडखोर निघाले की सत्तेला जास्त झोंबतं, हे आपल्याकडेही दिसतं.

बंडाची सुरुवात रॉबर्टपासून झाली नाही, थॉमसपासून झाली. तो आधी वैद्यकी शिकला आणि भावाच्या मृत्यूनंतर वकिलीकडे वळला. युनायटेड आयरिशमन या इंग्रजी सत्तेविरुद्धच्या संघटनेची शपथ घेतल्याबद्दल लोकांवर खटले चालत होते, तेव्हा तीच शपथ त्याने 1795 साली भर न्यायालयात वाचून दाखवली आणि सर्वांसमोर घेतली. 12 मार्च 1798 रोजी, त्या वर्षी या संघटनेने केलेल्या उठावाच्या आधीच, त्याला अटक झाली. खटला काही चालला नाही. नुसतं डांबून ठेवलं.

इथे मला त्याच्या बायकोबद्दल, जेनबद्दल सांगायचं आहे. ती नवऱ्याला भेटायला तुरुंगात गेली आणि कोठडीतच राहिली. तिला बाहेर काढायचा हुकूम आला, पण ती हलेना. बळजबरी करायला कुणी धजावलं नाही. मग असा हुकूम निघाला की बाई एकदा बाहेर पडली तर तिला पुन्हा आत सोडायचं नाही. त्यामुळे ती महिनोन्‌महिने बाहेर पडलीच नाही. घरी मूल आजारी पडलं तेव्हा जेलरच्या बायकोने मध्यरात्री तिला चोरून बाहेर काढलं. मुलाजवळ बसून ती गुपचूप कोठडीत परतली. हुकूम काढणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, पण जेलरच्या बायकोचा केला नव्हता. त्या रात्री जेन पकडली गेली असती तर जेलरचीही नोकरी गेली असती, हे त्याच्या बायकोला ठाऊक असणारच. तिचं नाव कुठे वाचायला मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

1798 चा उठाव चिरडला गेला. तेव्हाचा लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे व्हाइसरॉय, होता कॉर्नवॉलिस. हो, आपल्या शाळेच्या पुस्तकातलाच, 1792 साली मराठ्यांना बरोबर घेऊन श्रीरंगपट्टणला टिपूला नमवणारा. तुरुंगातल्या पुढाऱ्यांशी सरकारने एक करार केला. संघटनेची माहिती द्या, माणसांची नावं सांगू नका, फाशा थांबवतो आणि तुम्हाला देश सोडून जाऊ देतो. थॉमसने आणि इतरांनी तो मान्य केला. सगळ्यांना जायचं होतं अमेरिकेला. नवं प्रजासत्ताक, इंग्रजांशी लढून उभं राहिलेलं. आपल्याला तिथे जागा नाही मिळणार तर कुणाला मिळणार, असं त्यांना वाटलं असेल.

पण लंडनमध्ये अमेरिकेचा राजदूत होता रूफस किंग. त्याने इंग्रज सरकारला कळवलं की हे लोक आम्हाला नकोत. त्याच्या मते हे आयरिश बंडखोर म्हणजे उपद्रवी माणसं, आमच्या देशात येऊन गोंधळ घालतील. त्या कळवण्याने दार बंद झालं. करार तसाच राहिला आणि 1799 च्या वसंतात वीस कैद्यांना स्कॉटलंडच्या उत्तरेला, इन्व्हर्नेसजवळ समुद्रात घुसलेल्या फोर्ट जॉर्ज किल्ल्यात नेऊन ठेवलं. जेन तिथेही मुलांना घेऊन गेली. 1802 च्या एप्रिलमध्ये त्या किल्ल्यातच तिला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं जेन एरिन. कैदेत जन्मलेल्या मुलीच्या नावात आईबापांनी आपला देश ठेवला.

1802 मध्ये फ्रान्सशी तह झाला आणि कैद्यांना हँबर्गच्या बाजूला नेऊन सोडून दिलं. आयर्लंडमध्ये परत पाऊल ठेवायला कायद्याने बंदी होती. थॉमस, जेन आणि मुलं युरोपात हिंडत राहिली. त्याच डिसेंबरात इकडे डब्लिनला म्हातारे डॉक्टर गेले. थोरला मुलगा येऊ शकला नाही. रॉबर्ट मात्र घरी होता. तो ऑक्टोबरमध्येच युरोपातून परतला होता. वडिलांकडून वाट्याला आलेला पैसा त्याने भाले, बंदुका आणि दारूगोळ्यावर लावला.

23 जुलै 1803 च्या शनिवारी संध्याकाळी थॉमस स्ट्रीटवर उठाव झाला आणि काही तासांत फसला. त्याची लष्करी बाजू मी इथे मांडत नाही, बरीच चुकीची होती. आठवडाभर आधी पॅट्रिक स्ट्रीटच्या कोठारात स्फोट झाला होता, शेजारच्या विकलो परगण्यातून माणसं आली नाहीत, आणि जमावाने मुख्य न्यायमूर्ती किलवॉर्डनला घोडागाडीतून खेचून भाल्यांनी मारलं. हा खून रॉबर्टला मान्य नव्हता, पण तो त्याच्याच उठावात झाला, हे लपवू नये. मुलांना सांगताना हेही सांगावं.

रॉबर्ट 25 ऑगस्टला हॅरोल्ड्स क्रॉसला पकडला गेला. 19 सप्टेंबरला ग्रीन स्ट्रीटच्या न्यायालयात एका दिवसात खटला उरकला. त्याचा वकील लिओनार्ड मॅकनॅली सरकारकडून पैसे घेणारा खबऱ्या होता, हे कितीतरी वर्षांनी उघड झालं. जगप्रसिद्ध भाषण त्याच रात्रीचं. ‘माझा मृत्युलेख कुणी लिहू नये’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच भाषणात तो गेलेल्या वडिलांना हाक मारतो आणि म्हणतो, वरून बघा, तुम्ही शिकवलं त्यापासून मी क्षणभर तरी ढळलो का. हा भाग फारसा कुणी सांगत नाही. आई त्याच्या फाशीच्या थोडेच दिवस आधी, त्याच सप्टेंबरात गेली होती. मेव्हणा रॉबर्ट होम्स तुरुंगात होता. 20 सप्टेंबरला थॉमस स्ट्रीटवर सेंट कॅथरिन चर्चसमोर रॉबर्टला फाशी देऊन त्याचं डोकं कापलं. प्रेत ताब्यात घ्यायला घरातलं कुणी मोकळं उरलंच नव्हतं. त्याची कबर आजतागायत सापडलेली नाही. पुढे मेरी ॲनही फार जगली नाही. थॉमस तेव्हा पॅरिसमध्ये होता. 1804 मध्ये तो बायकोमुलांसह जहाजात बसला आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कला उतरला. वय चाळीस, वकिली पहिल्यापासून सुरू करायची. डब्लिनमधलं एमेटांचं घर त्याआधीच मोडलं होतं.

आता ॲन डेव्हलिनकडे येते. उठावाच्या तयारीसाठी रॉबर्टने राथफार्नमला बटरफील्ड लेनमध्ये खोट्या नावाने घर घेतलं होतं. तिथे घरकाम करणारी म्हणून ॲन राहिली. वय पंचविशीच्या आतबाहेर. खरं तर ती कामवाली नव्हती, सहकारी होती, आणि कामाचा पैसा घेत नव्हती. वडील ब्रायन डेव्हलिन दूधदुभत्याचा धंदा करणारा शेतकरी. विकलोच्या डोंगरांत पाच वर्षं इंग्रजांना चकवणारा मायकल ड्वायर तिचा चुलत-मावसभावांतला. उठाव फसल्यावर शिपाई घरात आले. त्यांनी तिला संगिनी टोचल्या. उलट्या केलेल्या गाडीच्या दांड्याला दोर बांधून तिला अर्धवट फास दिला, सोडवलं आणि पुन्हा विचारलं. ती बोलली नाही. मग 500 पौंड देऊ केले. बाजारात दूध विकणाऱ्या घरातल्या मुलीने 500 पौंड नाकारले. पुढे किलमेनमच्या तुरुंगात खुद्द रॉबर्टने तिला सांगितलं की माझं काही आता वाचत नाही, तू माझ्याविरुद्ध सांग आणि सुटून जा. तेही तिने ऐकलं नाही.

मग सरकारने सगळ्या घराला हात घातला. आई, वडील, भाऊ, बहिणी सगळे आत. आठ-नऊ वर्षांचा धाकटा जेम्स तुरुंगातल्या तापाने मेला. त्याने कुठला भाला हातात धरला होता? किलमेनमचा डॉक्टर ट्रेव्हर ॲनला एकट्या कोठडीत ठेवून छळत राहिला. 1806 मध्ये ती सुटली ती कायमची मोडलेली प्रकृती घेऊन. पुढे लग्न झालं, मुलं झाली, आयुष्यभर लोकांचे कपडे धुतले, आणि सप्टेंबर 1851 मध्ये लिबर्टीज भागातल्या एका बोळात दारिद्र्यात ती गेली. ड्वायरने तर 1803 च्या डिसेंबरात अमेरिकेला जाऊ देण्याच्या शब्दावर शरणागती पत्करली होती. शब्द मोडला आणि 1805 साली त्याला न्यू साउथ वेल्सला धाडलं. जहाजाचं नाव ‘टेलिचेरी’, आपल्या केरळातल्या तलश्शेरीवरून. बायको बरोबर गेली, पण काही मुलं मागे ठेवावी लागली.

आपल्याकडे चापेकरांचं घर आठवा. 1898 आणि 1899 मध्ये तीन भाऊ फासावर गेले. भावांची नावं आपल्याला येतात. घरात उरलेल्या बायकांची किती जणांना येतात? भगिनी निवेदिता, या इथल्याच टायरोन परगण्यात जन्मलेल्या मार्गारेट नोबल, पुण्याला जाऊन चापेकरांच्या आईला भेटल्या आणि तिच्यापुढे नतमस्तक झाल्या, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. एका आयरिश बाईला कुणाच्या पाया पडायचं ते कळलं होतं. आपण त्यांच्या गावात येऊन राहतो आहोत, तेव्हा ती भेट आता आपल्याकडून परत व्हायला हवी.

आता फिनिक्स पार्काबद्दल. तिथल्या उंच दगडी स्तंभाखाली आपण सतरंज्या टाकून डबे उघडतो, मुलं पायऱ्यांवर चढतात. तो 62 मीटरचा स्तंभ ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा, म्हणजे डब्लिनमध्येच जन्मलेल्या आर्थर वेलस्लीचा आहे. खालच्या चार ब्राँझच्या पट्ट्यांपैकी एका पट्टीवर त्याच्या हिंदुस्थानातल्या लढाया कोरल्या आहेत. एकदा जवळ जाऊन नीट पाहा. 20 सप्टेंबर 1803 ला थॉमस स्ट्रीटवर रॉबर्टचं डोकं उडवलं, आणि 23 सप्टेंबरला वेलस्लीने भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. मध्ये फक्त तीन दिवस. असईच्या मातीत त्या दिवशी हजारोंनी माणसं पडली, त्यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत होतं. पुढे 1807 मध्ये हाच वेलस्ली आयर्लंडचा मुख्य सचिव होऊन डब्लिन कॅसलमध्ये आला. आपले आणि इथले लोक एकाच हातांखाली भरडले गेले याचा यापेक्षा ठळक पुरावा शहरात दुसरा नाही. स्तंभापासून किलमेनमचा तुरुंग पायी गाठता येतो.

काही जण म्हणतील, आणि आपल्या ग्रुपवर म्हटलंही आहे, की 2025 च्या उन्हाळ्यात इथे भारतीयांवर हल्ले झाले, मुलांना शिव्या ऐकाव्या लागल्या, मग यांच्या इतिहासाचं आपल्याला काय पडलंय. त्या दिवसांत मीही अंधार पडायच्या आत घरी यायची. राग खोटा नाही. पण म्हणूनच मला थॉमस एमेटचं एक पत्र तुमच्यापुढे ठेवायचं आहे. तेही खुलं पत्रच.

1807 साली रूफस किंग न्यूयॉर्कमध्ये निवडणुकीला उभा राहिला. थॉमस आता तिथला नावाजलेला वकील होता. त्याने वर्तमानपत्रातून किंगला जाहीर पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: तुम्ही 1798 मध्ये आडवे आला नसता तर मी वडिलांना, सगळ्या घराला आणि एका भावाला बरोबर घेऊन इकडे आलो असतो. त्या भावाचं नाव वाचताना कदाचित तुम्हालाही कळवळा येईल. आम्ही उमेदीची चार वर्षं तुरुंगात घालवली. भावाला वाचवता आलं नाही. वडील, आई, बहीण गेली तेव्हा त्यांचा शेवटचा आशीर्वाद घेता आला नाही, त्यांच्या उशाशी बसता आलं नाही. आणि हे सगळं तुमच्या त्या निष्ठुर लुडबुडीमुळे.

हे वाचून माझं मत पक्कं झालं. राजदूताने काही हुकूम काढला नव्हता, कुणाला मारलं नव्हतं. ‘ही माणसं आम्हाला नकोत’ एवढंच त्याने कळवलं. तेवढ्याने एक घर संपलं. आज या देशात कुणी आपल्याकडे बोट दाखवून तेच म्हणत असेल तर त्याला उत्तर देण्यासाठी आपल्याला बाहेरून काही आणायची गरज नाही. त्याच्याच शहराच्या चौकात ज्याचा पुतळा आहे, त्याच्या भावाने ते उत्तर देऊन ठेवलं आहे. शेजाऱ्यापाशी, मुलांच्या शाळेतल्या पालकांपाशी हे बोला. माझा अनुभव असा की बहुतेकांना रॉबर्ट माहीत असतो, थॉमसचं हे पत्र माहीत नसतं, आणि ऐकल्यावर ते गप्प बसून विचार करतात.

एक गोष्ट मात्र आपणही सांभाळू या. गणपतीतल्या भाषणांत आपण आपल्या परदेशी राहण्याबद्दल वनवासाच्या भाषेत बोलतो. आपण नोकरीसाठी, शिक्षणासाठी, आपल्या मर्जीने आलो. आईच्या आजारपणात तिकिटं महाग असतात, रजा मिळत नाही, हे खरं दुःख आहे. पण विमान आपल्याला अडवत नाही. याच शहरात निर्वासितांच्या केंद्रांत अशी माणसं राहतात ज्यांना खरोखर परत जाता येत नाही. तसलं बोलणं त्यांच्यासाठी राखून ठेवू.

आता मागणं. मंडळाच्या सप्टेंबरच्या कार्यक्रमांत एक दिवस यासाठी द्या. भाषणं नकोत, चालायला चला. सकाळी वेलिंग्टनच्या स्तंभापाशी असईची आठवण काढायची. तिथून किलमेनमला ॲन आणि छोट्या जेम्सबद्दल सांगायचं, मग थॉमस स्ट्रीटला जायचं. दुपारनंतर ज्यांना जमेल त्यांनी राथफार्नमला यावं. तिथे 2004 मध्ये ॲनचा पुतळा उभारला आहे, आणि आपल्यातली निम्मी घरं त्याच बाजूला राहत असूनही तो फार थोड्यांनी पाहिला आहे. तिची कबर ग्लासनेव्हिनला आहे, तिथे वेगळ्या दिवशी जाऊ. मुलांनी प्रत्येकी एक माणूस वाटून घ्यावा: कुणी जेन, कुणी मेरी ॲन, कुणी ब्रायन डेव्हलिन, कुणी ती जेलरची बायको. त्याच्याबद्दल चार वाक्यं मराठीत आणि चार इंग्रजीत सांगावीत. आठवी-नववीतल्या मुलांसाठी थॉमसच्या पत्राचा मराठी अनुवाद मी करते आहे. मोठ्यांपैकी कुणी तपासून देणार असेल तर हवंच आहे.

20 सप्टेंबरला किंवा त्याच्या लगतच्या रविवारी जमवू या. किलमेनमची तिकिटं ऐन वेळी मिळत नाहीत, आधीच ऑनलाइन काढावी लागतात, म्हणून किती मोठे आणि किती मुलं येणार ते ऑगस्ट संपायच्या आत कळवा. आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाही आणा. तुरुंगात जिने बरेच आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, म्हणजे तशी सोय विचारून ठेवता येईल.

आपली,
डब्लिनमधली एक मराठी रहिवासी